साक्षीदाराचं बोट

नवा फोन घरात येऊन पडला होता आणि त्याचं खोकं उघडायला सुकुमार मगदूमांना सवड होत नव्हती. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला सवड कशी मिळणार? सकाळी मंदिर, मग वर्तमानपत्र, दुपारी झोप, दिवस मावळायच्या आत जेवण आणि जेवण झालं की चिवटे सरांच्या ओसरीवर बुद्धिबळ. एवढ्या धबडग्यात खोकं उघडायचं कधी?

खोकं टीव्हीच्या कपाटावर होतं. मुलीनं, प्रांजलीनं, हैदराबादहून पाठवलेलं. मगदूम रोज त्याच्यावरची धूळ पुसायचे आणि परत तिथंच ठेवायचे.

"आप्पा, लावला का फोन?" प्रांजली दर दोन दिवसांनी विचारायची.

आधी ते म्हणाले, "तुझ्या आईला जुन्याची सवय झालीय." मग म्हणाले, "चाललाय की तो, कशाला उगीच?" जुना फोन काही धड चालत नव्हता. त्याची पाठ फुगली होती, काचेला तडा गेला होता आणि बोलता बोलता तो मधेच मान टाकायचा. बनवणाऱ्या कंपनीनं तर दिवाळीनंतर या फोनकडे आम्ही बघणार नाही, असं कळवून हात झटकले होते. तेव्हा मगदूमांनी पर्युषण पुढं केलं. "पर्व तोंडावर आलंय. पर्वात नवीन काही नको." असं कुठल्या शास्त्रात लिहिलेलं नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

खरं म्हणजे त्यांना त्या खोक्याची भीती वाटत होती. कारण फोन त्यांच्यासाठी नव्हता. तो त्रिशलासाठी, त्यांच्या बायकोसाठी होता. आणि त्रिशलाचा फोन म्हणजे त्रिशलाचा आवाज.

एके काळी त्रिशला मगदूम हा मिरजेच्या एसटी स्टँडचा आवाज होता. वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीत बसून ती माइकवर बोलायला लागली की फलाटावर झोपलेली कुत्रीसुद्धा उठून आपापल्या गाडीला लागतील असं वाटायचं. घरात तिला माइक लागत नसे. "का ओ, भाजी आणायला गेलता का पिकवायला?" हे तिनं स्वयंपाकघरातून विचारलं की ते कोपऱ्यावरच्या न्हाव्यालाही कळे. पुढं स्टँडवर यंत्रानं घोषणा द्यायची सोय झाली तेव्हा तिचाच आवाज भरून घेतला गेला. ती निवृत्त झाली, आवाज कामावर राहिला.

आणि मग एका संध्याकाळी ती स्वयंपाकघरात पडली. मगदूम बुद्धिबळाला गेले होते. डाव रंगला होता, त्यामुळे यायला उशीर झाला. ते आले तेव्हा ती फरशीवर होती, डोळे उघडे, आणि कितीतरी वेळ तशीच होती. जीव वाचला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. डोक्यात शब्द होते, अर्थ होता, रागही होता. तोंडापर्यंत यायची वाट तेवढी तुटली होती. ती हाका मारायला जायची आणि नुसतं "आं, आं, ब" एवढंच बाहेर यायचं.

त्या सुमारास हे बोलते फोन नवे नवे निघाले होते. रुग्णाच्या गळ्यावर कातडीच्या रंगाची एक पातळ पट्टी चिकटवायची. माणूस बोलायला जातो तेव्हा आवाज फुटो न फुटो, गळ्याच्या आणि जबड्याच्या स्नायूंना मेंदूकडून विजेचे बारीक संकेत जातातच. पट्टी ते टिपते आणि फोनला कळवते. पण अर्धांगवायूचा झटका आलेल्या माणसाचे संकेत अर्धवट असतात, विस्कटलेले असतात. नुसत्या त्यांच्यावरून वाक्य जुळत नाही. म्हणून फोन आपल्या कॅमेऱ्यातून आजूबाजूलाही बघतो. वेळ कोणती आहे, समोर कोण उभं आहे, पुढ्यात ताट आहे की औषध. हे सगळं जमेला धरून तो तीन वाक्यं पडद्यावर मांडतो आणि विचारतो, यातलं कोणतं?

हे सांगायला लागतो साक्षीदार. सुरुवातीच्या महिन्यांत त्रिशलाला अक्षरं लागत नव्हती. होकारार्थी मान हलवायला जावं तर नकारार्थी हलायची. तेव्हा तिला ओळखणाऱ्या जवळच्या माणसानं बरोबर वाक्यावर बोट ठेवायचं, अशी व्यवस्था होती. प्रत्येक बोटागणिक फोन शिकत जायचा. शिकून तयार झाला की विचारणं बंद आणि थेट बोलणं सुरू, तेही तिच्याच आवाजात, कारण आवाज स्टँडवर तयारच होता. आणि साक्षीदार म्हणून नवऱ्यापेक्षा जवळचं कोण असणार?

पहिल्या आठवड्यातली एक संध्याकाळ. जेवणं झाली होती. मगदूमांनी चपला घातल्या होत्या, एक पाय उंबऱ्याबाहेर होता. दवाखान्याच्या फेऱ्यांनी माणूस पिचून गेला होता. कितीतरी दिवसांनी आज चिवटे सरांनी पट मांडला होता. खिडकीजवळच्या खुर्चीतून त्रिशलानं डावा हात उचलला आणि काहीतरी म्हणाली. तिच्याजवळच्या फोननं टिंग केलं. मगदूम चपलांसकट आत आले आणि पडद्याकडे बघितलं.

मला भीती वाटते, तुम्ही बसा.

मला पाणी हवं आहे.

मी बरी आहे, तुम्ही जाऊन या.

त्यांनी त्रिशलाकडे बघितलं. ती त्यांच्याकडेच बघत होती. बाहेर दिवस मावळत होता, ती पडली होती तीच ही वेळ होती, आणि घरात ती एकटी राहणार होती. तीन वाक्यांतलं कोणतं खरं, हे समजायला यंत्राची गरजच नव्हती. मगदूमांना ते कळलं होतं. अगदी स्वच्छ कळलं होतं.

त्यांनी तिसऱ्या वाक्यावर बोट ठेवलं.

"मी बरी आहे. तुम्ही जाऊन या," स्टँडवरचा आवाज खणखणीत म्हणाला. त्रिशलानं फोनकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. मगदूम म्हणाले, "आलोच मी, लवकर येतो." आणि गेले. आजचा एकच दिवस, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं.

दुसऱ्या दिवशी तेच वाक्य यादीत पहिलं आलं. पुढच्या आठवड्यापासून या वाक्यापुरतं फोननं विचारणंच सोडून दिलं. मगदूमांनी चपलेत पाय घातला की तो आपणहून म्हणायचा, मी बरी आहे, तुम्ही जाऊन या. तोवर मगदूमांचं बोटही सरावलं होतं. एकदा त्रिशलानं आमटीची वाटी भिरकावली. पडद्यावर आलं, मला राग आला आहे. मला हे आवडत नाही. चुकून हात लागला. फरशी पुसून कमरेत उसण भरलेल्या मगदूमांनी तिसऱ्यावर बोट ठेवलं. "चुकून हात लागला," त्रिशलाचा आवाज म्हणाला, आणि त्यांना खरोखरच बरं वाटलं. एकदा ती खुर्चीच्या हातावर मूठ आपटत राहिली, तर फोन म्हणाला, "मला जरा अस्वस्थ वाटतंय." तिला रक्तदाबाची गोळी मिळाली.

हळूहळू मगदूमांच्या घरात सगळं गोडीगुलाबीनं चालू लागलं. "वहिनी किती शांत झाल्या हो!" चिवटे सर म्हणायचे. शेजारीपाजारी म्हणायचे, आजारपणानं माणूस कसं निवळतं बघा. प्रांजलीला आई फोनवर सांगायची, "माझी काळजी करू नकोस. तू तुझं काम बघ." प्रांजली डोळे पुसायची आणि काम बघायची. पुढं त्रिशलाचं मान हलवणं सुधारलं. हो म्हणजे हो, नाही म्हणजे नाही, हे ती नीट सांगू लागली होती. पण मान हलताना दिसायला माणसाकडे बघावं लागतं. सगळे फोनकडे बघत होते.

फरहाना मुजावर ही वाचा-उपचाराची बाई आठवड्यातून दोनदा यायची. त्रिशलाला समोर बसवून ओठ हलवायला लावायची, एकच अक्षर पुन्हा पुन्हा घोकून घ्यायची. तासभर ते आं-आं चालायचं. मगदूमांची दुपारची झोप जायची. आणि ते ऐकवत नसे तेही होतंच. एक दिवस फोन म्हणाला, "मला आता कंटाळा आला. हे बंद करा." मगदूम फरहानाला म्हणाले, "तिलाच नको आहे, तर आपण तरी काय करणार?" फरहाना पर्स उचलून गेली.

आणि क्षमावाणी. पर्युषण संपलं की त्या दिवशी जैन माणूस घरोघरी जाऊन हात जोडतो. वर्षभरात कळत नकळत दुखावलं असेल तर क्षमा करा. मंदिरातून आल्यावर मगदूम पहिले हात बायकोपुढं जोडायचे. आजारपणानंतरच्या पहिल्याच वर्षी पडद्यावर तीन वाक्यं आली होती. दोन त्यांनी वाचलीही नाहीत. तिसऱ्यावर बोट ठेवलं. "मी तुम्हाला क्षमा केली," त्रिशला म्हणाली. मगदूमांचे डोळे भरून आले. पुढच्या वर्षांत तर बोट लावायचीही गरज उरली नाही.

मनात खोल कुठंतरी ते एक बोट टोचत होतं. पहिलं. बाकीचं सगळं आपोआप झालं, यंत्रानं केलं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. नव्या फोनची जाहिरात आली तेव्हा मात्र त्यांनी ती वाचून घाईनं पान उलटलं. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत म्हटलं होतं, आता साक्षीदार नको.

प्रांजलीला आप्पांच्या सबबी कळल्या नाहीत असं नाही. तिनं सरळ फरहानाला फोन केला, आणि पर्व सुरू व्हायच्या आधी एका सकाळी फरहाना दारात उभी राहिली.

"काकू, ओळखलंत का?" ती आत येत म्हणाली.

त्रिशलाचा चेहरा उजळला. डावा हात पुढं आला, तोंडातून आं-आं सुरू झालं, थांबेचना. टेबलावरचा जुना फोन म्हणाला, "या, बसा. चहा घेणार का?"

फरहानानं त्रिशलाच्या तोंडाकडे बघितलं, मग फोनकडे, मग काही न बोलता खोकं उघडलं.

"काका, या फोनला दोन पट्ट्या आहेत. एक गळ्याला, एक कानामागं. आपण काही चुकीचं ऐकलं ना, तर मेंदूत क्षणभर एक लहर उठते. कुणी तुम्हाला मगदूमऐवजी माने म्हटलं तर आतल्या आत खटकतं की नाही? तीच ती. कानामागची पट्टी ती लहर पकडते. फोन काकूंच्या कानात हळूच एक वाक्य म्हणणार. खटकलं तर टाकून देणार, दुसरं म्हणणार. खटकायचं थांबलं की मगच मोठ्यानं बोलणार."

"म्हणजे विचारणार तिलाच," मगदूम म्हणाले.

"त्यांनाच. आता फक्त एक ठरवायचंय." तिनं नवा फोन त्यांच्यापुढं धरला. पडद्यावर लिहिलं होतं, जुनी ओळख सोबत न्यायची का? "हो म्हटलं तर जुन्यातलं सगळं शिकलेलं यात येईल. आजपासून हा तसाच बोलायला लागेल, अडचण काही नाही. नाही म्हटलं तर कोरी पाटी. काही दिवस काकूंना एक शब्द बोलता येणार नाही, फोन नुसता कानात पुटपुटत राहील. तेवढे दिवस तुम्हाला त्यांच्या तोंडाकडे बघून समजून घ्यावं लागेल."

"जुनी नेली तर बिघडलं कुठं? नव्या पट्टीनं ती सुधारेलच की."

"नाही सुधारत. जुन्याला इतकी खात्री असते ना, तो लहर उठायची वाटच बघत नाही."

मगदूमांनी घसा खाकरला. "जुना चुकीचं शिकू शकतो का?"

"त्याला चूक-बरोबर काय कळतंय, काका? रुग्णाच्या मनातलं त्याला कधीच दिसत नव्हतं. साक्षीदाराचं बोट दिसत होतं. बोट कशानं खूश होतं तेवढं तो शिकला." ती सहज बोलत होती, मग तिच्या लक्षात आलं की समोरचा माणूस पांढरा पडलाय. "अहो, सगळ्याच घरांत थोडंफार होतं. साक्षीदार दमलेले असतात."

ती त्रिशलाकडे वळली. "काकू, तुम्ही सांगा. तुम्हाला काय पाहिजे?"

त्रिशला खुर्चीत पुढं सरकली. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, डोळे मोठे झाले. तिनं तोंड उघडलं आणि तिच्या तोंडून पहिला आवाज निघायच्या आतच टेबलावरून खणखणीत उत्तर आलं, "हे ठरवतील तसं."

त्रिशलानं डोळे मिटून घेतले.

"मी उद्या येते," फरहाना हळू आवाजात म्हणाली. "तोवर ठरवून ठेवा."

त्या दुपारी मगदूमांना झोप लागली नाही. त्रिशला खिडकीजवळ खुर्चीतच पेंगली होती, तोंड मिटलेलं, श्वास संथ. फोन तिच्या बाजूला होता. मगदूम कितीतरी वेळ त्या दोघांकडे बघत बसले. मग उठले. आपण काय करतोय ते स्वतःलाही कळू नये अशा बेतानं त्यांनी चपला घातल्या आणि दाराशी जाऊन उभे राहिले.

त्रिशलानं झोपेत आवंढा गिळला. तेवढाच काय तो संकेत.

"मी बरी आहे," तिचा आवाज म्हणाला. "तुम्ही जाऊन या."

ती गाढ झोपेत होती. नंतर त्यांनी आणखी एक केलं, आणि ते करायला नको होतं असं त्यांना जन्मभर वाटत राहणार होतं. त्यांनी तिच्या समोर जाऊन हात जोडले.

फोननं क्षणभर वेळ घेतला. "मी तुम्हाला क्षमा केली."

मगदूम तिथंच फरशीवर बसले. इतकी वर्षं त्यांनी बायकोची क्षमा मागितली होती आणि स्वतःच स्वतःला देऊन टाकली होती. वाटी तिनं रागानंच फेकली होती. मूठ रागानंच आपटली होती. आणि फरहानाचे ते धडे! बंद करा असं ती म्हणाली होती, की आणखी शिकवा म्हणून जीव तोडून सांगत होती? आता ते कधीच कळणार नव्हतं. धडे चालू राहिले असते तर आज ती दोन शब्द स्वतःच्या तोंडानं बोलली असती का, हेही नाही. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्यांना त्या दुपारी फरशीवर बसल्या बसल्या कळलं. तिथून स्वयंपाकघराची फरशी दिसत होती.

आणि तरीही, खरं सांगायचं तर, त्यांच्या मनात आलंच की जुनी ओळख सोबत नेऊ या. ती तरी काय बोलणार आता? साठवलेलं सगळं बाहेर काढेल. या वयात ते ऐकायचं, लोकांदेखत ऐकायचं. त्यापेक्षा चाललंय ते काय वाईट आहे? मुलगी सुखात आहे, शेजारी नावाजतात. उरले ते किती दिवस, ते गोडीत जातील. हा विचार इतक्या शहाणपणाच्या थाटात आला, की तो कुठल्या बोटाचा आहे हे ओळखायला त्यांना थोडा वेळच लागला.

संध्याकाळी त्यांनी अंगणात जाऊन प्रांजलीला फोन लावला. अडखळत, मागंपुढं करत, पण सगळं सांगितलं.

"आप्पा," प्रांजली म्हणाली, "म्हणजे मी इतकी वर्षं कुणाशी बोलत होते?"

मगदूम अंगणात येरझाऱ्या घालू लागले.

"दर दिवाळीला मी विचारायचे, आई, येऊ का? ती म्हणायची, कशाला धावपळ करतेस, काम बघ. मला किती बरं वाटायचं माहितीय? सुटल्यासारखं वाटायचं. मला एकदाही शंका आली नाही, आप्पा. आई आणि मला म्हणणार काम बघ? ती म्हणाली असती, मेलीस काय तिकडं, ये की गप. मला कळायला नको होतं?"

"तुझा काय दोष त्यात? बोट माझं होतं."

"कान माझे होते ना," ती म्हणाली आणि रडू लागली.

मगदूम आत आले. त्रिशला जागी झाली होती. त्यांनी जुना फोन उचलला, बंद केला आणि कपाटात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच घरात नुसती ती दोघं होती. ते खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.

"त्रिशला, तुझा फोन तुझं बोलत नव्हता. तो माझं बोलत होता. मीच शिकवला त्याला तसा." त्यांना वाटलं होतं ती चमकेल, रडेल, हात उगारेल. ती शांतपणे बघत राहिली. तिला यातलं काहीच नवीन नव्हतं. हे लक्षात आलं तेव्हा मगदूमांना तिच्या नजरेला नजर देणं कठीण झालं. सगळ्या घरात ही गोष्ट माहीत नसल्याचं सोंग फक्त त्यांनीच केलं होतं.

"कोरी पाटी घ्यायची?" त्यांनी विचारलं.

तिनं मान हलवली. हो. आणि हो म्हणजे हो, हे समजायला कुणी साक्षीदार लागला नाही.

दुसऱ्या दिवशी फरहानानं दोन्ही पट्ट्या लावल्या आणि 'नाही' वर बोट ठेवायला मगदूमांपुढं फोन धरला. मगदूमांनी मागं सरकून तो त्रिशलापुढं करायला सांगितलं. तिनं डाव्या हाताच्या बोटानं पडदा दाबला, इतक्या जोरात की फोन फरहानाच्या हातातून निसटता निसटता राहिला. धडेही त्याच दिवसापासून पुन्हा सुरू झाले.

पर्वाचे ते दिवस घरात विचित्र शांततेचे गेले. फोन तिच्या कानात पुटपुटायचा, ती कपाळाला आठ्या घालायची, तो पुन्हा पुटपुटायचा. मोठ्यानं एक शब्द नाही. मगदूमांना तिच्याकडे बघत बसावं लागे. भूक लागली की ती उजवीकडे बघते, पाठ दुखली की ओठ चावते, हे त्यांना आता कळायला लागलं. संसाराच्या सुरुवातीला त्यांना ते ठाऊक होतं, मधे विसरले होते. चिवटे सरांनी दोनदा निरोप पाठवला. मगदूमांनी येत नाही म्हणून कळवलं. दिवे लागायच्या वेळी ते तिच्याजवळ बसत. अजून भीती वाटते का, असं विचारायचं मात्र त्यांना धाडस झालं नाही. आणि कुणी फार मोठा त्याग केला असंही समजू नका; पटावरचा तो घोडा कुठं गेला असता, हे त्यांच्या डोक्यात चालूच असायचं, आणि त्याचीही त्यांना लाज वाटायची.

क्षमावाणीच्या दिवशी शेजारची मंडळी येऊन त्रिशलापुढं हात जोडून गेली. दरवर्षीसारखं गोड उत्तर आलं नाही. ती नुसती बघत राहिली. माणसं जरा ओशाळून परतली. "वहिनींची तब्येत बरी नाही वाटतं," कुणीतरी फाटकाशी म्हणालं.

मगदूम मंदिरातून परत आले तेव्हा उन्हं कलली होती. वाटेत त्यांनी कितीदा तरी मनाशी वाक्यं जुळवली होती. दारात आले आणि सगळी विसरली. उंबऱ्यापाशीच त्यांनी हात जोडले.

"त्रिशला, उत्तम क्षमा. वर्षाचं नाही, सगळंच. मला क्षमा कर."

तिच्या गळ्याजवळचे स्नायू हलले. फोन तिच्या कानात काहीतरी पुटपुटला. तिच्या कपाळावर आठी आली. पुन्हा पुटपुटला. पुन्हा आठी. क्षमा केली, असंच काहीतरी तो विचारत असणार आणि ती एकामागून एक टाकून देत असणार, हे मगदूमांना दारातून दिसत होतं. त्यांनी हात खाली घेतले नाहीत.

मग आठी गेली.

"न्हाई," स्टँडवरचा आवाज म्हणाला.

इतक्या वर्षांत या घरात त्यांना हा शब्द ऐकू आला नव्हता. ते तसेच उभे राहिले, खाली मान घालून, फोनकडे बघत, आता पुढं काय येतंय याची वाट पाहत.

"आधी चपला काढा," आवाज म्हणाला. "आणि फोनकडं काय बघतायसा? मी हितं हाय."